कुलूप लागलंय, हे मला माहीत आहे

रात्री साडेदहाला मी मिरजेतल्या माझ्या औषधांच्या दुकानाचं शटर खाली ओढतो. दोन्ही बाजूंना कड्या, दोन कुलपं. किल्ली फिरली की कट् असा आवाज होतो, तो मला स्वच्छ ऐकू येतो. मग मी कुलूप मुठीत धरून खाली खेचतो. ते लागलेलं असतं. दुसरं खेचतो, तेही लागलेलं असतं. आता हे एवढ्यावर संपतं. दहा-अकरा वर्षांपूर्वी यात पस्तीस-चाळीस मिनिटं जायची. समोरचा भुर्जीवाला तवा खरवडून, गाडीवर ताडपत्री टाकून निघून जायचा, तरी मी तिथंच. तळहाताला लोखंडाचा वास आणि बोटाच्या पेरावर घट्टा.

पुढे हातात स्मार्टफोन आला आणि मला वाटलं, सुटलो. कुलपाचा फोटो काढायचा, घरी जाऊन बघायचा, झोपायचं. दोन महिन्यांत गॅलरीत एकाच कुलपाचे नऊशेच्या वर फोटो जमले. मग शंका आली, की हा फोटो आजचाच कशावरून? वेळ बघितली, वेळ आजचीच. मग वाटलं, फोटो काढल्यावर मी आणखी एकदा कुलूप खेचलं होतं, त्या हिसक्यानं ते निघालं तर नसेल? म्हणजे पुन्हा चपला घालून दुकान. हसू आलं तर हसा, मलाही येतं. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात. आम्हाला लागतो, आणि तो आरसा खरा आहे का हे बघायला दुसरा.

पण सांगायचं ते पुढेच आहे. त्या चाळीस मिनिटांत मला कुलूप उघडं आहे असं एकदाही वाटलं नव्हतं. लागलंय हे मला माहीत होतं. हा वेडेपणा आहे हेही माहीत होतं. भुर्जीवाल्यानं बघू नये म्हणून मी मोबाइलवर बोलण्याचं सोंग करायचो, इतकं माहीत होतं. माझा चुलतभाऊ एकदा वैतागून म्हणाला, "अरे, तुला कळतंय ना लागलंय ते? मग?"

या 'मग?'नं आमच्यासारख्यांचं जितकं नुकसान केलंय तितकं आजारानंही केलं नसेल. आपल्या समाजाची एक पक्की समजूत आहे की माणसाला कळलं की वळतं. वळत नसेल तर एक तर त्याला कळलेलं नाही, नाही तर तो हट्टी आहे, नाही तर त्याच्यात आत्मविश्वास नाही. ओसीडी, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आणि त्यापायी त्याच त्या कृती करत राहण्याचा माझा आजार. त्याच्या बाबतीत हे तिन्ही अंदाज चुकतात. आणि याच चुकीच्या पायावर आपण उपचार, सल्ले, शिबिरं आणि सरकारी जनजागृती उभी केली आहे, अशी माझी तक्रार आहे.

आधी भानाबद्दल बोलू. जुन्या मराठीत या दुखण्याला 'मंत्रचळ' म्हणायचे. मंत्र म्हणता म्हणता चळलेला, असा त्याचा सरळ अर्थ. शब्द चपखल आहे, पण 'चळलेला' म्हटलं की भान सुटलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि गंमत अशी की या आजारात भान सहसा सुटत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच डॉक्टरांनी याला 'संशयाचं वेड' म्हटलं होतं. ते जास्त जवळचं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत तर 2013 पर्यंत मोठ्या माणसांसाठी अटच होती की हे विचार, या कृती अतिरेकी आहेत हे रुग्णाला कधी ना कधी उमगलेलं असलं पाहिजे. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ती अट काढली आणि भानाच्या पायऱ्या केल्या: बरं भान असलेले, कमी भान असलेले आणि अजिबात नसलेले. ज्यांना आपली भीती शंभर टक्के खरी वाटते असे लोक तीच पुस्तिका 4 टक्के किंवा त्याहून कमी सांगते. बाकीच्यांना कमीजास्त कळत असतं.

शिवाय हे भान कायम एकाच जागी बसून राहत नाही. दुपारी दोन वाजता, काउंटरवर गर्दी असताना, मला कुणी विचारलं असतं की कुलूप उघडं राहण्याची शक्यता किती, तर मी हसून म्हटलं असतं, "शून्य." रात्री अकरा वाजता, गादीवर पडल्यावर, तोच मी म्हणायचो, "शून्य, पण..." त्या 'पण'मध्ये सगळा आजार राहतो. दवाखान्यात दुपारी अपॉइंटमेंट मिळते आणि डॉक्टरला दुपारचा माणूस दिसतो. समजूतदार, सुशिक्षित, स्वतःच्या आजारावर विनोद करणारा. 'तुम्हाला तर सगळं कळतंय' असं ऐकून मी पाठीवर थाप घेऊन घरी परत आलोय, एकदा नव्हे.

आता आत्मविश्वास. हा शब्द आपल्याकडे चटणी-मिठासारखा वापरला जातो. मुलगा परीक्षेत कमी पडला, आत्मविश्वास नाही. मुलगी बोलत नाही, आत्मविश्वास नाही. मलाही घरच्यांनी एका व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात पाठवलं होतं. तिथल्या वक्त्यांनी रोज सकाळी आरशासमोर उभं राहून 'माझा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे' हे वाक्य एकवीस वेळा म्हणायला सांगितलं. मंत्रचळाच्या माणसाला एखादं वाक्य एकवीस वेळा म्हणायला सांगणं म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मी चौदाव्याला चुकलो. की पंधराव्याला? पुन्हा पहिल्यापासून. त्या आठवड्यात दुकान रोज अर्धा तास उशिरा उघडलं.

खरं सांगायचं तर माझ्यात आत्मविश्वास कमी नव्हताच. वीस वर्षं मी डॉक्टरांची अक्षरं वाचतोय, जी त्यांची त्यांनाही लागत नाहीत. होलसेलवाल्यांशी स्कीमवरून भांडतो. बाजाराच्या दिवशी मिरजेच्या गर्दीतून गाडी काढतो आणि एकदाही मनात येत नाही की ब्रेक नीट लागला का. शंका येते ती ठरावीक जागीच. कुलूप, आणि दुसरी जागा म्हणजे दिलेली गोळी. शंभराच्या ऐवजी दोनशे मिलिग्रॅमची स्ट्रिप तर नाही गेली? म्हणजे जिथे माझ्या चुकीनं दुसऱ्याचं नुकसान होईल, तिथेच. पॉल साल्कोव्स्किस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1985 मध्ये हेच मांडलं होतं, की ओसीडीच्या मुळाशी जबाबदारीची फुगलेली जाणीव असते. हा माणूस स्वतःला कमी लेखत नाही. उलट जगात जे काही वाईट होईल ते आपल्या हातून होऊ शकतं आणि आपण ते टाळू शकतो, असं तो धरून चालतो. याला न्यूनगंड म्हणणं म्हणजे उपचाराची दिशाच चुकवणं.

तरी शेवटी विश्वास ढासळतोच, हे खरं. तो कसा ढासळतो याचा एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो वाचला तेव्हा कुणीतरी माझ्या दुकानासमोर उभं राहून टिपणं काढल्यासारखं वाटलं. मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2003 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्ण घेतले नाहीत, साधे विद्यार्थी घेतले. संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी. बटणं चालू करायची, बंद करायची, बंद झाली का तपासायचं. एका गटानं हेच परत परत केलं. दुसऱ्या गटानं मधल्या वेळात शेगडीऐवजी दिवे तपासले. शेवटी दोघांना विचारलं, शेवटच्या वेळी शेगडीची कुठली बटणं तपासलीत? उत्तरं दोन्ही गटांची जवळपास सारखीच बरोबर आली. पण शेगडी पुन्हा पुन्हा तपासलेल्यांना ती आठवण धूसर वाटत होती, बारकावे गेले होते, आणि 'मला नक्की आठवतंय' हा भरवसा उतरला होता. पुढे 2006 मध्ये खऱ्या स्वयंपाकघरात, खऱ्या शेगडीवर असाच प्रयोग झाला आणि निष्कर्ष त्याच वळणाचा निघाला.

म्हणजे धडधाकट माणसालाही तपासायला लावलं, तर त्याचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास काही वेळात पातळ होतो. स्मरण शाबूत, भरवसा गेला. आपण समजतो की विश्वास नाही म्हणून माणूस तपासतो. गाडी दोन्ही दिशांनी धावते: तपासतो म्हणून विश्वास जातो, विश्वास गेला म्हणून आणखी तपासतो. दहाव्यांदा कुलूप खेचताना पहिल्या खेचण्याची आठवण त्या नऊ खेचण्यांच्या ढिगाखाली गाडलेली असते. नऊशेव्या फोटोनं मला काय दिलं असेल, तुम्हीच सांगा.

दुसरा प्रयोग 2017 चा, केंब्रिज आणि लंडनच्या संशोधकांचा, त्यात ओसीडीचे रुग्णच होते. पडद्यावर एका वर्तुळाच्या मधून कडेकडे कण उडतात, ते झेलण्यासाठी कडेवरची बादली योग्य जागी सरकवायची आणि आपल्याला त्या जागेची किती खात्री आहे तेही सांगायचं. रुग्णांनी खात्री बरोबर सांगितली, इतरांइतकीच. पुढचा कण कुठे पडणार याचा त्यांचा अंदाज पक्का होता. पण हात त्या अंदाजाप्रमाणे चालला नाही. ते बादली उगाच इकडेतिकडे हलवत राहिले. ज्यांचा आजार जास्त, त्यांच्यात ही फारकतही जास्त.

कळतं पण वळत नाही. आपण हे वाक्य टोमणा म्हणून वापरतो. इथे ते जवळपास निदान आहे.

हे एकदा मान्य केलं तर बऱ्याच गोष्टी उलट्या कराव्या लागतात, आणि पहिली घरातच. घरी पोचल्यावर मी बायकोला विचारायचो, "अगं, कुलूप लावलं ना मी?" ती म्हणायची, "हो, लावलंत." आता बघा, ती दुकानात नव्हती. ती घरी भाकऱ्या थापत होती. तिला काय माहीत? पण तिनं 'हो' म्हटलं की छातीवरचा दगड उतरायचा. चार-पाच मिनिटं. मग मी पुन्हा विचारायचो, जरा वेगळ्या शब्दांत, तिला राग येऊ नये म्हणून. "तुला काय वाटतं, आज मी नीट लावलं असेल?" ती प्रेमानं उत्तर देत राहिली आणि तिच्या प्रेमाचं व्याज आजार खात राहिला. धीर देणं हीसुद्धा तपासणीच असते, फक्त ती दुसऱ्याच्या तोंडून करून घेतलेली. घरोघरी हे चालतं. कुणाची आई मुलासाठी नळ स्वतः उघडून देते, कुणाचा नवरा बाहेरून आल्यावर दारातच कपडे उतरवतो, कुणाची बहीण 'नाही गं, तू काही पाप केलं नाहीस' असं दिवसातून चाळीसदा सांगते. यात वाईट माणसं कुणीच नाहीत.

माझ्या थेरपिस्टनं पहिलं काम कुठलं केलं असेल, तर बायकोला 'हो' म्हणणं बंद करायला सांगितलं. तेही माझ्यासमोर, माझ्या संमतीनं. हा मुद्दा मोठा आहे. एकाएकी, रागाच्या भरात धीर देणं तोडणं म्हणजे उपचार नव्हे, तो छळ आहे. आम्ही तिघांनी मिळून एक वाक्य ठरवलं: "याचं उत्तर मी देणार नाही, असं आपलं ठरलंय." आणि मला सांगितलं, प्रत्येक कुलूप एकदाच खेचायचं, पाठ फिरवायची, आणि रस्त्यानं स्वतःला म्हणायचं, 'कदाचित उघडं राहिलं असेल.' लागलंय, असं म्हणायचं नाही. उघडं असेल, असं. पहिल्या रात्री मी दोन वाजेपर्यंत पलंगाच्या कडेला बसून होतो. पायात चपला. बायको जागीच होती, पण तिनं बोलायचं नाही असं ठरलेलं. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री जेवताना लक्षात आलं की आपण दुसरी भाकरी खातोय आणि कुलपाचा विचार भाजीच्या वाटीशेजारी बसलाय, पण जेवण थांबलेलं नाही.

या पद्धतीचं मूळ 1966 मधलं आहे. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवर ती पहिल्यांदा वापरल्याचं लिहिलं: भीतीच्या समोर जायचं आणि नेहमीची सुटकेची कृती करायची नाही. म्हणजे साठ वर्षं झाली. आणि मला ती मिळाली कशी? मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. आमच्या चौकातून दगड मारला तर तो कुठल्या तरी स्पेशालिस्टच्या पाटीला लागेल. पण त्या वेळी ही थेरपी पद्धतशीर करणारं कुणी मला जवळपास सापडलं नाही. दर पंधरा दिवसांनी कोयना एक्सप्रेसनं पुण्याला जायचो, मुक्काम करून परत यायचो. त्या दोन दिवसांचा धंदा बुडायचा. ज्याला दुकानच नाही, रोजंदारी आहे, त्यानं काय करावं?

गोळ्यांबद्दलही बोललं पाहिजे, मी विकतोच त्या. फ्लुवॉक्सामीन, फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन, जुनी क्लोमिप्रामीन. ओसीडीत यांचा डोस नैराश्यापेक्षा सहसा जास्त लागतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. हे डॉक्टरनं सांगितलेलं नसेल, किंवा सांगितलं पण गर्दीत ऐकू आलं नसेल, तर माणूस तिसऱ्या आठवड्यात चिठ्ठी घेऊन यायचा बंद होतो. काही जण काउंटरवर उभे राहूनच मोबाइलमध्ये नाव टाकतात, 'नैराश्याची गोळी' असं दिसतं आणि म्हणतात, "मला डिप्रेशन नाही हो, चुकून दिली वाटतं." बहुतेक जण खोकं नको म्हणतात. स्ट्रिप कागदात गुंडाळून द्या. मला स्वतःला गोळ्यांचा उपयोग झाला. त्यांनी आवाज कमी केला म्हणून थेरपीचं ऐकू आलं. पण धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतो: नुसत्या गोळ्यांवर भागवायची आपली जी रीत पडली आहे, ती गोळ्या चांगल्या आहेत म्हणून पडलेली नाही. थेरपिस्ट नाहीत, म्हणून पडली आहे.

इथपर्यंत मी कुलपाचं बोललो, कारण कुलपाची लाज कमी. हात धुणारे, कुलूप बघणारे निदान दिसतात तरी. ज्यांचं सगळं डोक्यात चालतं त्यांचं काय? आरतीत उभं राहिल्यावर देवाबद्दल ओंगळ शब्द मनात येणारा पुजाऱ्याचा मुलगा. स्वयंपाकघरातली सुरी दिसली की 'मी बाळाला काही करणार तर नाही ना' या विचारानं थरथरणारी, बाळंत होऊन दोन महिने झालेली आई. ती सुऱ्या लपवते, बाळाला एकटीनं घेत नाही, आणि घरच्यांना वाटतं हिला लेकराची माया नाही. मन चिंती ते वैरीही न चिंती, ही म्हण इथे शब्दशः खरी होते.

या लोकांना भान कमी आहे म्हणायचं? भान इतकं आहे की त्यातच ती माणसं भाजून निघतात. स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी 1978 मध्ये सर्वसाधारण लोकांना विचारलं, तर सुमारे 80 टक्क्यांनी असे नको ते विचार येत असल्याचं सांगितलं. दोन्हीकडचे विचार शेजारी ठेवले तर कुठला रुग्णाचा आणि कुठला निरोगी माणसाचा, हे नुसत्या मजकुरावरून तज्ज्ञांनाही ओळखणं अवघड गेलं. फरक विचारात नसतो. आपण विचार झटकून कणीक मळायला लागतो आणि ही आई त्याला साक्षीदार मानून स्वतःवर खटला चालवते. तिला 'आत्मपरीक्षण कर' सांगण्यात काय हशील? ती चोवीस तास तेच तर करतेय. बाळंतपणानंतर होणारा, वास्तवाशी नातं तुटलेला वेडाचा झटका वेगळा, तो तातडीचा आजार. त्यात आणि यात फरक ओळखायचं शिक्षण बाळंतिणीपर्यंत पोचणाऱ्या प्रत्येक नर्सला, आशाताईला मिळायला हवं. नाही तर एक तर धोका नजरेआड होईल, नाही तर भेदरलेल्या आईकडे सगळं घर संशयानं बघायला लागेल.

आता उलट बाजू. काहींना खरंच भान नसतं, आणि ते लपायला आपल्या संस्कृतीत जागा भरपूर आहे. माझी आजी चुलीत घालायची लाकडं धुऊन घ्यायची. सगळं गाव म्हणायचं, म्हातारीचं सोवळं फार कडक. ती आजारी होती की कर्मठ, हे आज कोण ठरवणार? पण मला एक खूण सापडल्यासारखी वाटते. सोवळ्याला शेवट असतो. आंघोळ झाली, ओलेत्यानं पाणी भरलं, की माणूस शुद्ध झाला असं शास्त्रच सांगतं. मंत्रचळाला असा कुठला क्षण नसतो. आजी दुपारी तीन वाजता उपाशीपोटी पुन्हा विहिरीवर दिसायची आणि लोक तिला नमस्कार करायचे. तो नमस्कार तिला फार महागात पडला असणार. आज त्याच जागी 'मला ना स्वच्छतेचं ओसीडीच आहे' असं कौतुकानं सांगणं आलंय. उशीचे अभ्रे सारख्या रंगाचे लागतात म्हणून. त्यावर मी चिडत नाही, वेळ नाही तेवढा. पण नमस्कार असो की विनोद, मदत दोन्हींतून लांबतेच.

तेव्हा सार्वजनिक प्रश्न असा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत ओसीडीचं प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे 0.8 टक्के आढळलं. त्या पाहणीत बारा राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता. पण तोच आकडा इथे लावून बघितला तरी रुग्णांची संख्या काही लाखांत जाते. सर्वसाधारण मानसिक आजारांत उपचारांपर्यंत न पोचणाऱ्यांचं प्रमाण त्याच पाहणीत 85 टक्क्यांच्या आसपास होतं. यावर आपलं उत्तर काय, तर 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, रॅली, शाळेत भाषण, भिंतीवर पोस्टर: 'मनमोकळं बोला, आत्मविश्वास वाढवा.' ऑक्टोबर 2022 पासून 14416 ही टेली-मानस नावाची सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, ती चांगलीच गोष्ट. फोन उचलणाऱ्यानं 'तुमच्या जिल्ह्यात ही थेरपी अमुक दिवशी अमुक ठिकाणी मिळते' असं सांगायला मात्र तशी जागा आधी असावी लागते. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ही एक थेरपी नीट शिकलेला एक माणूस, आठवड्यातून ठरलेले दोन दिवस. मी एवढंच मागतोय. माझ्या आजाराला जनजागृतीचा तुटवडा नाही. जागे तर आम्ही रात्रभर असतो.

विम्याचंही तसंच. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं विमा कंपन्यांना सांगितलं की मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच धरा. कागदावर धरलं. पण आपल्या बहुतेक पॉलिसी चालतात त्या रुग्णालयात दाखल होण्यावर, आणि ओसीडीचा रुग्ण सहसा दाखल होत नाही. तो पंधरा-वीस वेळा बाहेरच्या खुर्चीत बसून बरा होतो. त्या खुर्चीचे पैसे त्यानं स्वतः भरायचे.

परीक्षांबद्दल माझं मत जरा अप्रिय आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मानसिक आजार येतो, अपंगत्व मोजायच्या सरकारी मोजपट्टीत ओसीडीचं नावही आहे, आणि पात्र विद्यार्थ्याला तासाला वीस मिनिटं जादा मिळू शकतात. हक्क म्हणून ते असलंच पाहिजे. पण पुन्हा पुन्हा उत्तर वाचणाऱ्या, गोल काळा झाला का हे दहादा बघणाऱ्या मुलाला दिलेला जादा तास हा जादा तपासणीचा तास ठरू शकतो. चालताना पाय दुखतो म्हणून कुबडी देणं आणि पाय आखडत जाईल अशी कुबडी देणं यात फरक आहे. ते त्या मुलानं, त्याच्या थेरपिस्टनं आणि शाळेनं बसून ठरवावं, नियमाच्या पुस्तकानं नव्हे. माझ्यासारख्याच एका मित्राचं याच्या अगदी उलट मत आहे. तो म्हणतो, आधी वेळ द्या, तत्त्वज्ञान नंतर. त्याचंही चूक नाही.

आणि शेवटी तो आत्मविश्वास, ज्याच्या नावानं एवढं रामायण झालं. तो मला मिळाला का? मिळाला, पण शिबिरवाले सांगत होते तो नव्हे. कुलूप लागलंय याची खात्री मला आजही शंभर टक्के नसते. तुम्हालाही नसते, तुम्ही फक्त विचारत नाही. मला एवढं जमतं की खात्री नसताना दुसरी भाकरी घेता येते. ते आधी हातानं केलं, मनाला पटलं फार नंतर. म्हणून कुणी आमच्यासारख्याला 'आधी स्वतःवर विश्वास ठेव' म्हणालं की मला वाटतं, हा माणूस पगाराआधी हप्ता मागतोय.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी एक कॉलेजातली मुलगी चिठ्ठी घेऊन आली. फ्लुवॉक्सामीन, पन्नास मिलिग्रॅम, पंधरा दिवसांच्या. मी स्ट्रिप कापून दिली. तिनं काउंटरवर गोळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती, तिनं त्यांच्याकडे बघितलं, कानाला मोबाइल लावला, काहीच न बोलता तिसऱ्यांदा मोजल्या. मग मान वर करून मला विचारलं, "काका, बरोबर आहेत ना?"

वर इतक्या शब्दांत मी जे लिहिलंय ते सगळं मला त्या क्षणी माहीत होतं. मी म्हटलं, "हो बाळा, बरोबर आहेत."

तिनं परत मोजल्या.